पुन्हा लिहिण्याची हौस

हौसेने कथा लिहिणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. ‘कुठे छापून आलं का?’ आणि ‘सध्या नवीन काय?’ ‘ती मागची कथा पुन्हा लिहून झाली का?’ असं कुणी विचारत नाही. विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही. लेखनाचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं त्यात कथा सुचते, बसून लिहिली जाते, शुद्धलेखन तपासलं जातं आणि पाठवली जाते. पुन्हा लिहिणं म्हणजे गळक्या नळाची दुरुस्ती. नाइलाज झाला तर करायची.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ज्याला लिहून पोट भरायचं नाही त्याच्यासाठी कथा पुन्हा लिहिणं हाच लेखनातला मुख्य आनंद आहे. पहिला खर्डा ही त्या आनंदाची फक्त सामग्री. व्यावसायिक लेखकाकडे संपादक असतो, मानधन असतं, वाट पाहणारा वाचक असतो आणि या सगळ्याबरोबर येणारी मुदत असते. हौशी लेखकाकडे यातलं काहीच नसतं. पण कथा सहा आठवडे ड्रॉवरमध्ये टाकून विसरून जाण्याची मोकळीक त्याच्याकडे असते, आणि ती व्यावसायिकाला क्वचितच मिळते. पहिला खर्डा गरमागरम पाठवून देणारा हौशी लेखक आपल्याकडचं एकमेव भांडवल घरी ठेवून बाजारात उतरतो.

ही घाई उपजत नाही, ती शिकवलेली आहे. शाळेत निबंध लिहायचा, तो लाल शेरे आणि गुण घेऊन परत येतो आणि वही मिटते. तोच निबंध शेरे वाचून पुन्हा लिहा, गुण दुसऱ्या खर्ड्याला मिळतील, असं सांगणारे शिक्षक असतात, पण थोडे. उलट चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावतात. शाळेच्या दहा वर्षांत मनात एवढंच मुरतं की ‘पुन्हा लिही’ ही शिक्षा आहे. पुढे कथास्पर्धा येतात. त्यांत शब्दमर्यादा असते आणि अंतिम तारीख असते, आणि अंतिम तारखेच्या आदल्या रात्री काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रौढांसाठीचे मोठे उपक्रमही याच वळणाचे. १९९९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि पुढे अनेक देशांत पसरलेल्या ‘नॅनोरायमो’मध्ये एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची असे, म्हणजे रोज साधारण १,६६७ शब्द. हा उपक्रम चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली. कोऱ्या पानासमोर थिजून बसणाऱ्यांची भीती या उपक्रमाने घालवली, त्याबद्दल त्याला दाद द्यायला हवी. पण त्यात मोजला जाई तो पहिल्या खर्ड्याचा आकडा. जो माणूस दिवसभर बसून चारशे शब्द काढून टाकतो त्याची त्या दिवसाची कमाई उणे चारशे. तक्त्यात तो दिवस वाया गेलेला दिसतो. कथा मात्र कदाचित त्याच दिवशी उभी राहिलेली असते.

पुनर्लेखनाविरुद्धचा सगळ्यात जुना आक्षेप ताजेपणाचा. उत्स्फूर्तपणे आलं ते खरं, नंतर केलं ते कारागिरीचं, असं म्हणतात. या बाजूचा भक्कम पुरावा म्हणजे काफ्का. दिवसा विमा संस्थेत नोकरी करणाऱ्या या लेखकाने २२ सप्टेंबर १९१२च्या रात्री दहाला लिहायला बसून सकाळी सहाला एक अख्खी कथा पुरी केली आणि लिहायचं ते असंच, अशा अर्थाची नोंद रोजनिशीत केली. खरी गोष्ट आहे. पण त्याच काफ्काच्या तिन्ही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. तशी रात्र पुन्हा पुन्हा येत नाही म्हणून तर ती नोंदवून ठेवावीशी वाटते. दुसऱ्या बाजूला रशियन कथाकार चेकॉव्ह. १८९९मध्ये समग्र साहित्याचा करार झाल्यावर त्याने तरुणपणी भराभर लिहिलेल्या गोष्टी पुन्हा हातात घेतल्या. कित्येक बाद केल्या आणि कित्येक नव्याने लिहिल्या. त्या छापून झालेल्या होत्या, वाचल्या गेल्या होत्या, त्यांचे पैसेही मिळून गेले होते. कारागिरीची एवढी चीड असणाऱ्यांनी गाणं आठवून पाहावं. एकच बंदिश गायक वर्षानुवर्षं गातो आणि त्याला कुणी दुरुस्ती म्हणत नाही.

पण ‘पुन्हा लिहा’ एवढंच सांगितलं तर हौशी लेखक काय करतो? फाइल उघडतो, पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतो, एक विशेषण बदलतो, स्वल्पविराम हलवतो, तिसऱ्या पानापर्यंत पोचतो आणि कंटाळतो. हे पुनर्लेखन नव्हे, ही पॉलिश. आणि चुकीच्या वेळी केलेली पॉलिश नुसती निरुपयोगी नसते, ती घातक असते. चार तास घासून चकचकीत केलेला परिच्छेद पुढे कथेला नको आहे असं कळलं तरी तो काढायला हात धजत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी रचना, म्हणजे कथा कोण सांगतंय, कुठून सुरू होते, कुठे थांबते. मग प्रसंग, मग वाक्यं, आणि शुद्धलेखन अगदी शेवटी.

त्याच्याही आधी विश्रांती. पहिला खर्डा होईल तसा, मागे न वळता लिहावा. अडलेल्या जागी फुल्या मारून पुढे जावं. २,५०० शब्दांची कथा अशी चार-पाच बैठकींत होते. मग ती किमान तीन आठवडे बघू नये. मोठी असेल तर दोन महिने. यात गूढ काही नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यात पात्राचा चेहरा, खोलीतला उजेड, भांडणाचं जुनं कारण असं सगळं हजर असतं, आणि ताजा खर्डा वाचताना तो कागदावर नसलेलं हे सगळं स्वतःच भरून घेत जातो. त्याला कथा पूर्ण वाटते, वाचणाऱ्याला अर्धी. डोक्यातलं पुसट झालं की कागदावर खरोखर काय आहे ते दिसायला लागतं. दोन दिवसांनी वाचून उपयोग होत नाही तो यामुळे.

पहिलं वाचन हातात पेन न घेता करावं आणि शक्यतो वेगळ्या रूपात. पडद्यावर लिहिलं असेल तर छापून, हाताने लिहिलं असेल तर टंकून. दुसरं वाचन मोठ्याने. अडीच हजार शब्द मोठ्याने वाचायला वीसेक मिनिटं लागतात. जिभेला ठेच लागते तिथे वाक्य मोडलेलं असतं, आणि जिथे आपला आवाज नकळत वेगाने पळायला लागतो तिथे आपल्यालाच कंटाळा आलेला असतो. या दुसऱ्या जागा जास्त मोलाच्या. समासात रेघ ओढून पुढे जावं.

यानंतरचं काम नीरस वाटतं, पण निम्मं यश त्यातच आहे. प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ लिहायची: कुणाला काय हवं आहे, आणि प्रसंग संपताना काय बदललं. एवढ्या लांबीच्या कथेत असे चार ते सहा प्रसंग निघतात. ज्याच्यापुढे ‘काय बदललं’ची जागा कोरी राहते तो प्रसंग काढायचा किंवा शेजारच्यात मिसळायचा. मग प्रत्येक प्रसंगाचे शब्द मोजायचे. हौशी खर्ड्यात बहुतेक वेळा सापडतं ते असं: नायक उठून, आवरून, प्रवास करून ठिकाणावर पोचेपर्यंत सहाशे शब्द, आणि ज्या भांडणासाठी ही सगळी कथा मांडली ते भांडण दीडशे शब्दांत उरकलेलं. बरेचदा तर ‘मग दोघांत बरीच वादावादी झाली’ एवढंच. ‘वादावादी झाली’, ‘खूप गप्पा झाल्या’, ‘तिने सगळं सांगून टाकलं’ ही न लिहिलेल्या प्रसंगांची झाकणं आहेत. ती दिसली की उचलून आत बघावं. लेखक तिथे घाईत होता याचं कारण आळस नसतो. तो प्रसंग अवघड असतो, कधी कधी बोचरा असतो, आणि पहिल्या खर्ड्यात माणूस सोप्या वाटेने जातो. पुनर्लेखन म्हणजे काटछाट असा समज आहे, तो इथे खोटा पडतो. सुरुवातीचे चारशे शब्द जातात आणि मधल्या भांडणात सहाशे येतात. कथा लांबते, आणि तरीही वाचताना छोटी वाटते.

सुरुवात आणि शेवट यांच्यावर फार वेळ घालवायला नको, दोन्हीकडे एकेक चाचणी पुरते. कथा तिसऱ्या परिच्छेदापासून वाचून बघावी. काही अडलं नाही तर पहिले दोन हे घसा खाकरणं होतं. आणि शेवटचा परिच्छेद झाकून बघावा. तो बहुतेकदा आधीच कळलेलं समजावून सांगत असतो.

आता खास हौशी माणसाची चैन. पहिला खर्डा समोर न ठेवता, एकदाही न उघडता, तीच कथा आठवणीतून पहिल्यापासून पुन्हा लिहायची. ऐकताना हे वेडेपणाचं वाटतं. लिहिलेलं असताना पुन्हा का लिहायचं? पण विसरलेलं बहुतेक सगळं भरताड असतं आणि आठवलेली कथा असते. शिवाय दुसऱ्यांदा सांगताना आपण शेवट ठाऊक असलेल्या माणसासारखं सांगतो, त्यामुळे पहिल्या पानावरच्या वस्तू शेवटाकडे तोंड करून बसायला लागतात. पहिल्या खर्ड्यात दारातून डोकावून गेलेली शेजारीण दुसऱ्यात खुर्ची ओढून बसते, आणि कथा तिचीच होती हे लिहिणाऱ्याला तेव्हा कळतं. आपण लिहिलेल्या गोष्टीने आपल्यालाच चकवावं यापेक्षा मोठी गंमत या छंदात नाही, आणि ती पहिल्या खर्ड्यात जेवढी मिळते त्याहून जास्त इथे मिळते. नंतर दोन्ही खर्डे शेजारी ठेवायचे. पहिल्यातली पाच-सात वाक्यं दुसऱ्यापेक्षा सरस निघतात. ती उचलून आणायची. मुदतीत काम करणाऱ्याला हा मार्ग परवडत नाही.

निवेदक बदलून पाहणं हा असाच आणखी एक खेळ, आणि मराठीत तो इतर काही भाषांपेक्षा जास्त रंगतो. कारण मराठीतला ‘मी’ लपत नाही. ‘मी उठले’ म्हटल्याबरोबर बोलणारी बाई आहे हे पहिल्याच वाक्यात कळतं. ते थोडा वेळ कळू द्यायचं नसेल तर सगळी वाक्यं ‘मी पत्र वाचलं’, ‘मी दार लावलं’ अशी सकर्मक भूतकाळात ठेवावी लागतात, तिथे क्रियापद कर्मामागे जातं. ‘मी बसलो’ म्हणायची वेळ आली की गुपित फुटलं. पूर्ण कथा बदलण्याआधी एक पान, साधारण अडीचशे शब्द, बदलून बघावं. ‘मी’च्या जागी ‘तो’ घातला, क्रियापदं जुळवली आणि पान जसंच्या तसं उभं राहिलं, तर त्या ‘मी’ला स्वतःचा आवाज नव्हताच. ‘मी’ खरा असेल तर त्याची कुरकुर, त्याच्या चुकीच्या समजुती, त्याचं एखादं लाडकं खोटं हे सगळं ‘तो’मध्ये मावेनासं होतं.

वाक्यांकडे यायचं ते इतकं सगळं झाल्यावर. मराठी निवेदनाला जडणारा पहिला रोग म्हणजे शेपटीचा ‘होता’. ‘दार उघडं होतं. आत अंधार होता. कोपऱ्यात कुणीतरी बसलं होतं.’ एका पानावरचे सगळे होता-होती-होतं पेन्सिलीने गोल करावेत. वीस वाक्यांत बारा गोल आले तर वाचणाऱ्याच्या कानात ठोका सुरू झालेला असणार. उपाय अनेक आहेत: काही वाक्यं जोडावीत, काही ठिकाणी क्रिया आणावी, काही ठिकाणी ‘होता’ नुसता गाळावा. ‘दार उघडं. आत अंधार.’ हे चालतं. पण सापडलेल्या औषधाचं व्यसनही लागतं. तीन पानं अशी तुटक वाक्यं आली की कथा पूर्वीच्या तारेतल्या मजकुरासारखी वाचावी लागते.

दुसरा रोग जास्त छुपा. ‘केले, गेले, असे’ आणि ‘केलं, गेलं, असं’ यांची सरमिसळ. पात्रांच्या तोंडी बोलीरूप येणारच, प्रश्न निवेदनाचा. दोन्ही रूपं चालतात, पण एकाच निवेदकाने एका परिच्छेदात ‘त्याने दार उघडले’ आणि पुढच्यात ‘तिने पाणी आणलं’ म्हटलं की दोन वेगळी माणसं आळीपाळीने गोष्ट सांगताहेत असं वाटतं. पहिला खर्डा वेगवेगळ्या बैठकींत लिहिला गेला की हे हमखास होतं; आदल्या दिवशी वर्तमानपत्र वाचून बसलेलं असतं, दुसऱ्या दिवशी फोनवर गप्पा मारून. एक रूप ठरवावं आणि फक्त तेवढ्यासाठी एक वेगळं वाचन करावं.

संवादांत मराठीने आपल्याला फुकट दिलेल्या सोयी पुष्कळ जण वापरत नाहीत. ‘म्हणाला’ आणि ‘म्हणाली’ यातच बोलणारा कोण ते कळतं, त्यामुळे एक पुरुष आणि एक बाई बोलत असतील तर दर ओळीला नाव लागत नाही. दोन बहिणी बोलत असतील तर लागतं, आणि तिथे नेमकं ते विसरतं. ‘उद्गारला’, ‘उत्तरला’, ‘गरजला’ या मंडळींना निरोप द्यावा. ‘म्हणाला’ डोळ्यांना दिसत नाही, आणि हाच त्याचा गुण. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हे तर नाट्याचं कोठार आहे. दोन पानं ‘तुम्ही’ म्हणणारा माणूस एका वाक्यात ‘तू’वर आला तर तिथे काहीतरी घडलंय. तो बदल चुकून झाला असेल तर वाचणारा चकवा खातो. ठरवून केला असेल तर रागाचं किंवा जवळिकीचं वर्णन करावंच लागत नाही. एका वाचनात फक्त हे बघावं: कोण कुणाला काय म्हणतं, आणि शेवटपर्यंत तेच म्हणतं का.

लाडके शब्द प्रत्येकाचे वेगळे. कुणाचा ‘हळूच’, कुणाचा ‘क्षणभर’, कुणाचा ‘नकळत’, ‘जणू’, ‘एक प्रकारचा’. फाइलमध्ये शोध घेतला की तीन हजार शब्दांत चौदा ‘हळूच’ निघतात आणि स्वतःचीच लाज वाटते. ‘पायाखालची जमीन सरकली’, ‘काळजात धस्स झालं’ यांच्याबाबतीत मी जरा मवाळ आहे. पहिल्या खर्ड्यात ते खुशाल असावेत. त्यांचा तिथला अर्थ ‘इथे धक्का आहे, कसला ते नंतर बघू’ एवढाच. दुसऱ्या खर्ड्यात मात्र ते नंतर आलेलं असतं.

एक नमुना घेऊ. वडिलांचं घर विकलं गेलंय आणि मुलगी, सुमन, नव्या मालकाला किल्ल्या देते आहे. पहिल्या खर्ड्यात असं काहीतरी येतं:

‘किल्ल्या देताना सुमनला खूप वाईट वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्या घराशी असलेलं तिचं नातं आज कायमचं संपलं होतं.’

यात चूक काही नाही, पण सुमन कुठेच नाही. कुठलंही नाव घाला, कुठलंही घर घाला, वाक्यं तशीच राहतील. लेखकाने भावना ओळखल्या, त्यांची यादी केली. दुसऱ्या खर्ड्यात भावना काढून कृती येते:

‘सुमन जुडग्यातून किल्ल्या काढायला लागली. कडी घट्ट होती. तिचं नख मोडलं. बोट तोंडात धरून तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या.’

बरंच बरं. आणि इथेच पुष्कळ जण थांबतात, कारण ‘सांगू नका, दाखवा’ हा कार्यशाळेतला नियम पाळला गेलेला असतो. पण नख मोडणं ही लेखकाची सोय आहे. आतली जखम दाखवायला बाहेर एक जखम आणली. वाचणाऱ्याला लेखकाचा हात दिसतो. तिसऱ्यांदा लिहिताना प्रश्न बदलायला हवा. सुमनला काय वाटतं हा प्रश्न सोडून, या खोलीतल्या इतर कुणाला माहीत नाही असं तिला काय माहीत आहे, हे विचारावं:

‘सुमनने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. “मागच्या दाराची जरा उचलून फिरवावी लागते,” ती म्हणाली.’

एकोणीस शब्दांचे बारा झाले. घर आलं, वर्षं आली आणि ती बाईही आली. हे पहिल्या बैठकीत सुचलं असतं का? एखाद्याला सुचेलही. बहुतेकांना मोडलेल्या नखावरून जावंच लागतं.

इतर वाचकांना कथा दाखवावी ती दुसऱ्या खर्ड्यानंतर, आणि तीन जणांपेक्षा जास्त नाही. ‘कशी वाटली?’ असं विचारलं की ‘छान’ असं उत्तर येतं आणि दोघंही सुटतात. त्याऐवजी विचारावं: कुठे लक्ष उडालं? कोण कोण आहे हे कुठे कळेना? शेवटी काय झालं असं वाटतं, तुमच्या शब्दांत सांगा. तिघांनीही शेवट कळला नाही म्हटलं तर लेखक शेवट जास्त स्पष्ट करायला धावतो. बहुतेकदा दोष दुसऱ्या पानावर असतो. तिथे एक गोष्ट नीट पेरलेली नसते. आणि बोलणी चालू असताना खुलासा करू नये. खुलासा करावा लागला की ते कागदावर नव्हतं एवढं सिद्ध झालं, वाद मिटला.

खर्डे सांभाळून ठेवण्याची पद्धत आधीच लावून घ्यावी, नाहीतर काही महिन्यांत ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘अगदी फायनल’ अशा तीन फाइली उरतात आणि त्यातली जुनी कुठली ते कुणालाच सांगता येत नाही. नावात तारीख आणि केलेला मोठा बदल असावा. काढलेल्या मजकुराची एक वेगळी फाइल असावी. तिच्यातून परत फारसं काही आणलं जात नाही, पण ती असली की कात्री निर्भयपणे चालते.

जास्त पुनर्लेखनाने कथा मरते हेही खरं आहे, आणि ते न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. खुणा ओळखता येतात. काढलेला स्वल्पविराम दुसऱ्या दिवशी परत बसवला जातो. सगळी वाक्यं सारखीच गुळगुळीत होतात. प्रत्येक वाचकाची प्रत्येक सूचना मान्य झालेली असते आणि कुणाचाच आक्षेप उरलेला नसतो, हे तर फार वाईट लक्षण. अशा वेळी दुसरा खर्डा उघडून पाचव्याशेजारी ठेवावा; दुसरा जिवंत वाटला तर तिथे परत जावं. सलग दोन वाचनांत बदल नुसते इकडचे तिकडे होत असतील तर हात काढून घ्यावा. साध्या कथेला तीन ते पाच खर्डे पुरतात. काही कथा पाचानंतरही उभ्या राहत नाहीत. त्या ड्रॉवरमध्ये जातात. हौशी लेखकाला त्यांचा जाब कुणी विचारत नाही, हेही त्याचं एक सुख.

अलीकडे एक नवा मोह आला आहे. खर्डा यंत्राला द्यायचा आणि ‘सुधारून दे’ म्हणायचं. कार्यालयीन पत्रासाठी जरूर द्यावा. पण हौसेने लिहिलेल्या कथेचं पुनर्लेखन दुसऱ्याकडून करून घेणं म्हणजे संध्याकाळी फिरायला आपल्याऐवजी नोकराला पाठवण्यासारखं. फेरी पूर्ण होते.

हा सगळा व्यक्तिगत छंदाचा प्रश्न आहे, त्यात सार्वजनिक काय, असं कुणी म्हणेल. पण स्पर्धा, कार्यशाळा आणि शाळा सार्वजनिक आहेत, आणि पहिल्या खर्ड्याची पूजा तिथेच चालते. बदल फार खर्चिक नाहीत. स्पर्धेत पहिल्या फेरीतल्या वीस कथांच्या लेखकांना परीक्षकांनी दोन-दोन ओळींचा अभिप्राय द्यावा, एक महिना द्यावा आणि निकाल दुसऱ्या खर्ड्यावर लावावा. निवड तेव्हा सुचण्याची होणार नाही, लिहिण्याची होईल. कार्यशाळा एका शनिवार-रविवारी उरकण्याऐवजी दोन दिवसांत सहा आठवड्यांचं अंतर ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी नवी कथा आणायला बंदी घालावी. तीच आणा, पुन्हा लिहून. गळती होईल, अर्धे लोक येणार नाहीत; जे येतील त्यांच्यासाठीच तर कार्यशाळा होती. शाळेत वर्षाला आठ निबंध असतील तर चार ठेवावेत, प्रत्येक दोनदा लिहून घ्यावा आणि गुण फक्त दुसऱ्याला द्यावेत. तपासायच्या वह्या तेवढ्याच राहतात.

‘पण वाचणार कोण?’ हा प्रश्न तरीही उरतो. कदाचित आठ जण. मात्र आठ जणांसाठी इतका खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्याला कथा ही पोचवायची वस्तू वाटते. हौशी लेखकाला कथेतून जे मिळायचं ते बरंचसं ती पोचण्याआधीच मिळालेलं असतं, एखाद्या वाक्याचा नेमका शब्द सापडतो त्या क्षणी.

सुमनच्या त्या वाक्याचंच घ्या. तिसऱ्या खर्ड्यात ते झालं असं वाटून लेखक पुढे गेला, कथा महिनाभर पडून राहिली, आणि मोठ्याने वाचताना एका शब्दाशी आवाज अडला. चौथ्या खर्ड्यात बदल झाला तो फक्त तेवढाच:

‘“मागच्या दाराची जरा उचलून फिरवावी लागायची,” ती म्हणाली.’